मिस्त्रींचं नाक

"ह्याला दमाच म्हणायचं, पण नेहमीचा नव्हे," छातीचे डॉक्टर म्हणाले आणि स्पायरोमेट्रीचा कागद त्यांनी आमच्याकडे फिरवला. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकर मारायची तपासणी. छातीतली हवा किती वेगानं बाहेर पडते ते मशीन मोजतं. आमच्या मिस्त्रींची, म्हणजे माझ्या यजमानांची, हवा अर्ध्यात अडकत होती. फुंकताना ते इतके खोकले होते की तपासणी करणाऱ्या मुलीनं दोनदा मशीन थांबवून त्यांना पाणी दिलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, इरिटंट इन्ड्यूस्ड अस्थमा. झोंबणारा वायू एकदम छातीत गेला की श्वासनळ्या आतून सुजतात. सूज उतरली तरी त्या हळव्या होऊन बसतात. मग धूळ, धूर, गार वारा, मिरचीची फोडणी, काहीही लागलं की आवळतात. औषधानं ताबा राहील, पूर्ण बरं होईल का ते काही महिन्यांनी कळेल, असं ते म्हणाले.

मी मान हलवली. मी शाळेत विज्ञान शिकवते. 'अमोनिया हा रंगहीन, तीव्र वासाचा वायू आहे' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन.

मग डॉक्टरांनी मिस्त्रींना डोळे मिटायला लावले आणि खणातली एक छोटी बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. "कशाचा वास येतो?"

"रिकामी बाटली हाय की," मिस्त्री म्हणाले.

बाटलीत कॉफी होती. टेबलाच्या अलीकडे बसून मला येत होता वास. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "अ‍ॅनॉस्मिया," ते म्हणाले. "वास न येणं. हे कधीपासून?"

"सर्दी हाय जरा," मिस्त्री म्हणाले. सर्दी अजिबात नव्हती.

हे लिहायचं कारण असं की तुमच्यापैकी कुणाच्या घरातला माणूस वायूच्या कामात असेल. बर्फाचा कारखाना, शीतगृह, रसायनं, काहीही. तो रोज नीट घरी येतो म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. मीही होते.

माझे यजमान एका दुधाच्या प्लँटवर देखभालीचं काम बघतात. नाव सांगत नाही, पेठ वडगावच्या बाजूला आहे एवढं पुरे. आम्ही राहतो उचगावला. दूध थंड करायला तिथं अमोनिया वापरतात. मोठा कॉम्प्रेसर तो वायू दाबतो, आणि मग तो पाइपांतून, नळ्यांतून सगळ्या प्लँटभर फिरतो. मोठे पाइप वेल्डिंग केलेले असतात, ते सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतात बारक्या नळ्या. टाकीपासून दाब दाखवणाऱ्या काट्यापर्यंत बोटाएवढी नळी जाते, तिच्या टोकाला नट आणि नटाच्या आत एक रिंग. नट आवळला की रिंग नळीला घट्ट चावते, म्हणून वायू बाहेर येत नाही. कॉम्प्रेसर दिवसभर थरथरतो, त्या थरथरीनं हेच सांधे ढिले होतात. ही सगळी माहिती मला लग्नानंतर जेवताना मिळाली. दुसऱ्यांचे नवरे राजकारणावर बोलतात.

प्लँटवर ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, आता घरीही म्हणतात. आणि प्लँटवर ह्यांच्या हातापेक्षा ह्यांच्या नाकाचा दरारा होता. कुठं सांधा गळतोय ते मिस्त्री वासावरून सांगायचे. कॉम्प्रेसरच्या खोलीत वायू हुंगणारा एक मीटर आहे. पावसाळ्यात दमटपणानं तो उगीच पीं पीं करायचा. मग त्यांची रीत पडली. मीटर वाजला की मिस्त्रींना बोलवायचं. मिस्त्री दारात उभे राहणार, दोन श्वास घेणार, "न्हाय काय" म्हणणार, आणि कुणीतरी मीटरचा आवाज बंद करणार. मीटर खोटा बोलतो, मिस्त्री न्हाय. हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून कौतुकानं ऐकलंय.

आता मागं वळून बघते तर सगळं दिसतं. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाचा वास माझ्या डोळ्यात जायचा. मी तो शर्ट चिमटीत धरून गॅलरीत टाकायचे. ते म्हणायचे, "कसला वास? तुझं नाक लई तिखट." गेल्या वर्षी शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. एकदा आमटी आंबली होती, मी ओतायला निघाले तर ह्यांनी अर्धी वाटी खाऊन "झकास झालीया" म्हटलं. मला वाटलं, संसार मुरला.

अपघाताच्या दिवशी प्लँटवर काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. सकाळी मीटर वाजला. मिस्त्रींना बोलावलं. ते दारात उभे राहिले, दोन श्वास घेतले आणि "न्हाय काय" म्हणाले. मीटरचा आवाज बंद झाला. पण आत आल्यावर त्यांना काट्याच्या नळीच्या नटावर तेल पाझरलेलं दिसलं. वायूबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं नळ्यांत येतं. वास आला असता तर त्यांनी मशीन बंद केलं असतं, नळीतला दाब सोडला असता आणि मग पाना लावला असता. तेवढी शिस्त त्यांच्यात आहे, हे त्यांचे वैरीही सांगतील. पण वास नाही म्हणजे नुसतं तेल, असं त्यांनी धरलं. चालू मशीनवर नटाला एक ओढा दिला.

त्या नटाला आजवर किती ओढे दिलेत ते देवाला ठाऊक. गळलं की आवळ, गळलं की आवळ, ही आपल्याकडची पद्धत. पाना पुरला नाही तर पान्याला पाइप अडकवून आवळतात आणि वर दंड दाखवतात. आतली रिंग कधीच चेपून पातळ झाली होती. नळी नटातून निसटली आणि वायू सरळ मिस्त्रींच्या तोंडावर आला.

त्यांचा जोडीदार शौकत तिथंच होता. शौकत मशीन चालवतो, उचगावातच आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. त्यानं मास्क चढवून व्हॉल्व्ह फिरवला आणि मिस्त्रींना काखेत धरून बाहेर ओढलं. बाहेर कामावरच्या पोरांनी त्यांचे कपडे काढले आणि नळाखाली बसवून डोळ्यांवर पाणी सोडलं. गाडी आली तरी पाणी थांबवलं नाही, हे त्यांनी सगळ्यात शहाणपणाचं केलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "पाण्यानं डोळे वाचवले, आम्ही नाही." तुमच्या घरी कुणी असल्या कामात असेल तर एवढं तरी पाठ करून ठेवा. कपडे काढायचे, पाणी सोडायचं, आणि लवकर थांबायचं नाही.

मला शाळेत फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात होते. दवाखान्यात पोचले तर मिस्त्री ऑक्सिजन लावून बसलेले. चेहरा लाल, ओठ सुजलेले, आवाज गेलेला. मला बघून त्यांनी हातानं विचारलं, जेवलीस का. मी जेवले नव्हते, पण हो म्हटलं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माणूस फार शिकतो. मी तिथं शिकले की घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो म्हणून पहिले दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. नेब्युलायझर म्हणजे औषधाचं धुकं करून नाकातोंडावाटे देतात. छातीचा एक्स-रे चांगला आला म्हणून उड्या मारायच्या नसतात, कारण ह्या आजारात एक्स-रे बऱ्याचदा चांगलाच येतो. बाकावर शेजारी बिद्रीच्या एक बाई होत्या, त्यांचा दीर आत होता. त्या मला रोज विचारायच्या, "आज बरं हाय न्हवं?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी हातात एक भाकरी ठेवायच्या. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. राहून गेलं.

घसा सुजला नाही. आवाज आला. डिस्चार्ज मिळाला. पण खोकला काही हटला नाही. जिना चढताना मिस्त्री मधल्या पायरीवर थांबून खिसे चाचपायचे, जणू काही विसरलंय. म्हणून पुढे छातीचे डॉक्टर, स्पायरोमेट्री आणि ती कॉफीची बाटली.

छातीच्या डॉक्टरांनी आम्हाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी दुर्बीण घालून नाक आतून बघितलं आणि म्हणाल्या, "हे त्या एका दिवसाचं नाही."

त्यांनी मग नीट समजावलं. थोडा थोडा वायू रोज नाकात गेला की वास ओळखणारं आतलं अस्तर हळूहळू निकामी होतं. एका दिवसात जात नाही, म्हणून माणसाला कळतच नाही. वास वेगळा आणि झोंबणं वेगळं. झोंबण्याची शीर निराळी असते. वायू भरपूर असेल तर मिस्त्रींना अजूनही झोंबेल, खोकला येईल. पण थोडा असेल तर त्यांना पत्ताच लागणार नाही. "आणि गळती थोडी असतानाच कळायला हवी, नाही का?" बाई म्हणाल्या.

बाईंनी सकाळ-संध्याकाळ वासाचा व्यायाम सांगितला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, एकेक करून हुंगायचं आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. येईलच असं नाही, असंही सांगितलं.

रिक्षात मिस्त्री एकदम म्हणाले, "छातीचं प्लँटवर सांगू. नाकाचं सांगायचं न्हाय."

मी विचारलं, "का?"

"माझं मी बघीन."

मला राग आला. अजूनही आठवलं की येतो. मी त्यांना म्हटलं, तुमच्या नाकाच्या भरवशावर तिथं माणसं काम करतात. ते म्हणाले, मीटर हाय की. मी म्हटलं, मीटर खोटा बोलतो ना? त्यावर आमचं बोलणं उचगाव येईपर्यंत बंद. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल जमिनीचा वाद.

पण मला त्यांची भीतीही कळत होती. शाळेत मला कुणी सांगितलं असतं की बाई, तुम्हाला आता फळा दिसत नाही, तर मी काय केलं असतं? मीही पहिल्यांदा चष्माच पुसला असता. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकच गोष्ट अशी होती की जी साहेबाकडे नव्हती, मीटरकडे नव्हती, फक्त त्यांच्याकडे होती. तीच गेली होती. आणि मला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, पण त्याच वेळी मी मनात ठरवलं होतं की कामावर जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी तोंड उघडलं नाही तर मी साहेबांना फोन करणार. नवरा रुसला तर रुसू दे.

इनहेलर सुरू झाला. आमच्या घरात आधी कुणी तोंडात इनहेलर धरलेला नव्हता, त्यामुळं पहिले काही दिवस निम्मं औषध जिभेवरच बसायचं. डॉक्टरांनी स्पेसर दिला. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची एक पोकळ नळी, औषध आधी तिच्यात सोडायचं आणि मग सावकाश ओढायचं. मिस्त्रींनी पहिल्यांदा तिचे सांधे तपासले. मग ओढलं. सकाळी अंगणात लवंगेची बाटली नाकाला लावून बसायचे, पण माझी चाहूल लागली की खाली ठेवायचे.

आणि एका रविवारी शौकत आला. पिशवीत पेरू, हातात हेल्मेट.

"काय मिस्त्री, कसं हाय आता?"

"बरं हाय. बस."

मी चहा टाकला. शौकतनं प्लँटच्या बातम्या सांगितल्या. ती नळी बदलली, बाकी सगळं तसंच आहे. मग म्हणाला, "लवकर या बगा. मीटर परत बोंबलाया लागलाय. खरं का खोटं, कोण सांगनार? साहेब म्हनत्यात मिस्त्री येऊ देत, मग बगू."

मिस्त्री कपाकडे बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

शौकत सहज बोलत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "त्या दिवशी बी आमच्या नाकाला लागत हुतं की. माज्या, त्या दोघा पोरांच्या. तुम्ही न्हाय काय म्हनलासा, मग आमी काय म्हननार? म्हनलं, कालचा ऱ्हायलेला आसंल."

"तुला वास येत हुता?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हय की. चांगला येत हुता."

"मग बोलला का न्हाईस?"

शौकत जरा गोंधळला. "तुमच्या म्होरं?"

मला वाटलं, मिस्त्री आता चिडतील. त्यांचा स्वभाव तसा आहे. पण ते उठले, माझ्या बाजूनं आत गेले आणि फडताळातली हिंगाची डबी घेऊन आले. आमच्याकडचा हिंग कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, डबी दोन पिशव्यांत बांधली तरी लपत नाही. त्यांनी ती शौकतला दाखवली नाही. पाठीमागं धरून झाकण उघडलं.

"हे काय हाय, सांग."

"हिंग," शौकत बसल्या जागेवरून म्हणाला. "का वो?"

मिस्त्रींनी डबी पुढं आणली आणि स्वतःच्या नाकाला अगदी टेकवली. मोठा श्वास घेतला. त्यांना खोकला आला, बराच वेळ आला. मी पाणी घेऊन गेले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मला न्हाय येत. काय सुदीक येत न्हाय. किती वर्सं झाली ठाव न्हाय. तू त्या नळीच्या खाली उभा हुतास, शौकत."

शौकतनं डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तो बराच वेळ हेल्मेटचा पट्टा उघडझाप करत बसला. शेवटी म्हणाला, "साहेबास्नी मी सांगू का तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "तू बरोबर ये."

चहा गार झाला होता. तसाच प्याले दोघं.

डॉक्टरांनी कॉम्प्रेसरच्या खोलीत जायला सक्त मनाई केली, म्हणून मिस्त्रींना शेजारच्या स्टोअरमध्ये बसवलंय. प्लँटवर मीटर दुरुस्त करून घेतला, आणि तो वाजला की आता आवाज बंद करायच्या आधी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावतात. गळत असेल तर बुडबुडा येतो. बुडबुडा आला की मशीन थांबवून, दाब सोडून, रिंग बदलायची. वरून ओढा द्यायचा नाही. हे काही नवीन शोध नव्हेत. माझ्या आठवीच्या पोरांनाही साबणाचा बुडबुडा कळतो. इतकी वर्षं गरज वाटली नव्हती, एवढंच. पान्याला लावायचा पाइप मिस्त्रींनी स्वतःच्या ताब्यात घेऊन स्टोअरमध्ये कपाटामागं टाकलाय. मागायला आलेल्यांना ते "सापडंना" म्हणून सांगतात.

छाती बरी आहे. पूर्ण नव्हे. फोडणी घालताना मी त्यांना बाहेर पिटाळते, थंडीत तोंडाला मफलर लागतो. स्पायरोमेट्रीची रेघ पहिल्यापेक्षा सरळ आली. वास नाही आला. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, चारी बाटल्या खिडकीत आहेत, आता माझ्यासमोरही हुंगतात.

एक बदल मात्र मी कधी मागितला नव्हता. संध्याकाळी मिस्त्री दारात येतात, बूट काढायच्या आधी शर्ट काढतात आणि माझ्यापुढं धरतात. "बघ गं." मी हुंगते, "नाही" म्हणते, मग ते आत येतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. माझं नाक लई तिखट म्हणणारा हाच तो माणूस.

मागच्या महिन्यात एक दिवस मी शर्ट हुंगला आणि थांबले. अगदी बारीक वास होता. दुसऱ्यांदा हुंगला. "येतोय," मी म्हटलं. "थोडा आहे, पण येतोय."

मी वाट बघत होते की ते म्हणतील, कालचा असेल, साबणाचा असेल, तुला भास होतोय. त्यांनी वाद घातला नाही. उघड्या अंगानं दारातच उभं राहून पाळीवर असलेल्या शौकतला फोन लावला. "शौकत, आमची म्हनती वास येतोय. व्हय, शर्टाला. स्टोअरच्या भिंतीकडच्या बाजूनं बगा. मीटर वाजला नसंल तरी बगा. सगळ्यास्नी आदी भाईर काडा."

मग आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी शर्ट मांडीवर घेऊन. शेजारणीनं विचारलं, काय झालं, तर मिस्त्री म्हणाले काही नाही, वाट बघतोय. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्या शब्दावर एक नट ढिला केला नव्हता, आणि आज अख्खा प्लँट रिकामा करायला लावला होता. माझं चुकलं असेल तर, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. हाच विचार रोज घेऊन ते त्या दारात उभे राहत असतील, हे मला तेव्हा कळलं.

फोन वाजला. मिस्त्रींनी कानाला न लावता माझ्या हातात दिला.

"वहिनी," शौकत म्हणाला, "भिंतीकडच्या नळीला बुडबुडं आल्यात. बारीक हाईत. मशीन बंद केलंय, रिंग बदलतोय. सगळी भाईर हाईत."

"बरं," मी म्हटलं. आणि मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, बूट काढले आणि आत गेले. मी शर्ट गॅलरीत टाकला.